रोज पाय पाय

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या ओट्यावर चहा चालू होता. मंडळीतल्या एका ज्येष्ठ काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "नर्सिंगचं शेवटचं वर्ष ना बाई तुझं? मंग आता पुढं काय?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच पुढचं सांगून टाकलं, "काईही कर, पण नम्र राह्य. आपलं काम सेवेचं हाये." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी आले, जेवले, आणि रात्री दोनपर्यंत जागी राहिले.

काका मनानं फार चांगले आहेत. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीला त्यांनी स्वतःहून दोन हजार रुपये आणून दिले होते, आणि परत मागितले नाहीत. त्यांच्यावर राग नाही. पण 'नम्र राहा' हे मी लहानपणापासून इतक्या लोकांच्या तोंडून, इतक्या वेगवेगळ्या हेतूंनी ऐकलंय की आता ते कानावर पडलं की मी आधी बोलणाऱ्याचा चेहरा पाहते. म्हणून लिहायला बसले. लांब होईल, सांभाळून घ्या.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव आणि परतवाड्याच्या मधात. कपाशी, तूर, थोडा संत्रा, आणि अंजनगावकडं गेलं की पानपिंपरीचे मळे. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. पावसाळा संपला की ती इतकी जवळ दिसते की चालत जावंसं वाटतं. आमची मंडळी छोटी, एकोणीस घरांची. बहुतेक घरांत शेती नाही, असली तर एक-दोन एकर. बाबा मजुरीला जातात, आई वेचणीला.

मी सहावीत असेन. बाबांसोबत एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी वेचणीचे पैसे आणायला गेले होते. बाबांनी चपला फाटकाबाहेर काढल्या, अंगणात हात जोडून उभे राहिले, मालक आतून येईपर्यंत बसले नाहीत. पैसे मिळाले तेव्हा परत हात जोडले. मला तेव्हा वाटलं, आपले बाबा किती नम्र! शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, शिकवतात तसे! येताना बाबा रस्ताभर बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला सांगताना मी ऐकलं. काट्यावर दोन किलो कमी भरवले होते, आणि बाबांनी ते भरताना पाहिलं होतं.

ती नम्रता नव्हती. तिला लाचारी म्हणतात, आणि आपल्या खेड्यांत या दोन गोष्टींची सरमिसळ आपण फार सहज करतो. ज्याच्याकडं जमीन नाही, ज्याच्या पोरीची फी उसनी आणायची आहे, त्याला वाकायला कोणी शिकवावं लागत नाही. त्याची मान वाकलेलीच असते. अशा माणसाला मंचावरून 'नम्र व्हा' सांगितलं की त्याला एवढंच ऐकू येतं : आहेस तिथंच राहा. आपल्या पाळकांनी, शिक्षकांनी आणि आपण सगळ्यांनीच हे बोलताना समोर कोण बसलंय ते बघावं, असं मला मनापासून वाटतं.

मग ख्रिस्ती माणसानं नम्रतेचं काय करायचं? सोडून द्यायची? मी होस्टेलला असताना हाच प्रश्न घेऊन बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायाकडं परत गेले. तो प्रसंग आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. शेवटचं भोजन, प्रभू उठतो, वरची वस्त्रं काढून ठेवतो, रुमाल कमरेला बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या काळी धुळीच्या रस्त्यानं चालून आलेल्याचे पाय धुणं हे घरातल्या दासाचं काम होतं. हेही आपण दरवर्षी ऐकतो. पण रुमाल बांधण्याच्या आधी योहान काय लिहितो, तिकडं माझं लक्ष कधीच गेलं नव्हतं. तो लिहितो की पित्यानं सगळं आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडं जातो, हे येशूला ठाऊक होतं. आणि मग तो उठला.

म्हणजे उठणारा माणूस स्वतःला क्षुद्र समजत नव्हता. आपण कोण, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ज्याला हे ठाऊक आहे तोच असा वाकू शकतो की उठल्यावर तो कमी झालेला नसतो. माझे बाबा त्या अंगणात हात जोडून उभे होते तेव्हा त्यांना कोणी हे सांगितलेलं नव्हतं की तू देवापासून आलास. उलट, तुझी जागा फाटकाजवळ आहे, हेच पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं होतं.

आणि त्या खोलीत यहूदाही बसलेला होता, प्रभूला धरून देणारा शिष्य. त्याचेही पाय धुतले गेले. यावर मी अजून नीट विचार करू शकलेले नाही. वॉर्डात शिव्या देणारा दारुडा पेशंट आला की मला तो यहूदा आठवतो, आणि दरवेळी मला जमतंच असं नाही.

हे सगळं अध्याय वाचून समजायच्या आधी मी ते घरात पाहिलं होतं. माझ्या आजीत.

आजी सत्तावीस वर्षं एका मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात आया होती. आपल्या विदर्भात या कामाची वाट फार लोकांनी तुडवलेली आहे. अचलपूरजवळ कोठाऱ्याचा मिशन दवाखाना, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वर्ध्याजवळ मनोहर दिवाणांनी १९३६ साली सुरू केलेलं दत्तपूरचं कुष्ठधाम, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. ज्यांनी या जागा उभ्या केल्या त्यांची नावं आपण घेतो, आणि घ्यायलाच पाहिजेत. पण या जागा रोज सकाळी चालवल्या त्या माझ्या आजीसारख्या, चौथी शिकलेल्या बायांनी. त्यांचं नाव कोणत्याच पाटीवर नाही.

तिचं काम होतं पाय. रोज सकाळी पन्नास-साठ पेशंट ओळीनं बाकावर बसत, समोर पाण्याच्या बादल्या. पाय वीस मिनिटं पाण्यात भिजवायचे, घट्टे झालेली जाड कातडी खरवडून काढायची, पाय ओले असतानाच तेल चोळायचं, म्हणजे ओल आत राहते आणि भेगा पडत नाहीत. मग मऊ रबराच्या खास चपला. आजही कुष्ठरोग्याला पायांची काळजी अशीच घ्यायला शिकवतात. मी ते पुस्तकात वाचलं तेव्हा आजीचाच आवाज ऐकू येत होता.

कुष्ठरोगानं बोटं झडून पडतात, असं गावात अजूनही समजतात. खरं कारण वेगळं आहे. हा जंतू नसांवर बसतो आणि दुखणंच नाहीसं करतो. खडा टोचला तरी कळत नाही, चुलीतलं लाकूड हातात धरलं तरी कळत नाही. मग जखम, मग ती चिघळणं, आणि मग बोट जाणं. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच जगाला पटवून दिलं. आजीला ब्रँड माहीत नव्हते. तिला एवढं माहीत होतं की या माणसाचा पाय त्याच्याशी बोलत नाही, म्हणून त्याच्या पायाकडं डोळ्यांनी बघावं लागतं. ती प्रत्येक पेशंटला निघताना सांगायची, "रोज पाय पाय." आमच्या वऱ्हाडीत पाहा म्हणायलाही 'पाय' म्हणतात. रोज आपले पाय पाहा. तिचे जुने पेशंट रस्त्यात भेटले की तिला नमस्कार करायच्या ऐवजी हेच म्हणायचे, "पायले वो बाई, आज पायले!"

आता आजीला अकरा वर्षांपासून शुगर आहे, आणि तिचेच पाय बधिर झालेत. नाताळच्या सुट्टीत मी घरी होते. म्हटलं, आज मी तुझे पाय करते. कितीतरी वेळ ती तयारच होईना. "तू शिकून रायली, तू कायले माया पायाले हात लावतं?" मी म्हटलं, प्रभू पाय धुवायला आला तेव्हा शिष्य पेत्रही असंच म्हणाला होता. मग ती हसली आणि पाय पुढं केले. मी गरम पाणी बादलीत ओतलं, हाताची बोटं बुडवून पाहिलं, ठीक वाटलं, आणि तिचा पाय उचलला. तिनं झटकन मागं घेतला.

"बोटानं नाई. कोपर बुडवून पाय आधी."

तिनं सांगितलं ते असं. आपली बोटं रोज भांडी घासून, चुलीजवळ काम करून राठ झालेली असतात, त्यांना गरम तेवढं गरम लागत नाही. कोपराची कातडी नाजूक. आणि समोरचा माणूस तर 'पोळलं' म्हणणारच नाही, कारण त्याला पोळलेलं कळतच नाही. त्यानं हू की चू केलं नाही म्हणजे पाणी बरोबर आहे, असं समजायचं नाही.

या बाईच्या हातचं पाणी गावात कोणी पीत नव्हतं. 'महारोग्यांची बाई' म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत तिच्या दोन्ही बाजूंना एकेका पत्रावळीची जागा रिकामी सुटायची. एका लग्नात तिला कोणीतरी हळूच सांगितलं, तुमचं ताट घरी पाठवून देतो. ती म्हणाली, "आंदण हातानं आणलं मीनं, जेवीन बी हातानंच." आणि पंगत उठेपर्यंत बसली, पोटभर जेवली. त्या काळात कुष्ठरोगाला डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाव्या लागत. जागतिक आरोग्य संघटनेनं एकत्र दोन-तीन औषधांचा उपचार सुचवला तो १९८१ साली, आणि आमच्याकडं तो रुळायला आणखी काही वर्षं गेली. त्यानंतर लोक बरे होऊन घरी जाऊ लागले. गावाची भीती मात्र औषधाच्या मागं फार रेंगाळली. आजीनं कोणाशी वाद घातला नाही आणि कोणापुढं मानही खाली घातली नाही. जिची मान पंगतीत ताठ राहिली, तीच सकाळी बादलीसमोर उकिडवी बसायची. मला नम्रता कळली असेल तर ती इथून.

आता माझं सांगते. हे सांगायला मला जड जातंय.

दुसऱ्या वर्षाला माझी पोस्टिंग एका मोठ्या दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डात होती. मेळघाटातून एक कोरकू आदिवासी बाई चौदा महिन्यांचं लेकरू घेऊन आली. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की ते तीव्र कुपोषित. मी पट्टी लावली, १०.९ भरलं. मी त्या माउलीसमोर तक्ता धरला आणि शुद्ध मराठीत, मोठ्या आवाजात आहार समजावला. किती वेळा भरवायचं, काय भरवायचं, किती दिवस थांबायचं. ती प्रत्येक वाक्याला 'हो' म्हणत होती. मी फाइलमध्ये 'समुपदेशन केले' लिहिलं आणि खाली सही केली. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

सकाळी खाट रिकामी. रात्रीतून लेकरू घेऊन निघून गेली होती. कोणीतरी म्हणालं, "हे लोक असेच." आणि मी, आजीची नात, मीही म्हणाले, "हो ना, हे लोक असेच."

दुपारी वॉर्ड पुसणाऱ्या मावशींनी मला बाजूला घेतलं. त्यांना थोडी कोरकू येते. ती बाई संध्याकाळपासून विचारत होती म्हणे, घरी दोन लेकरं शेजारणीजवळ टाकून आलीय, पेरणी लागलीय, मधे एक दिवस जाऊन येऊ देता का? तिनं दोघी-तिघींना विचारलं. कोणाला कळलं नाही. मला तर तिनं विचारलंच नाही, कारण मी थांबलेच नव्हते. त्या लेकराचं पुढं काय झालं मला माहीत नाही. रजिस्टरात 'न सांगता गेले' एवढंच आहे. तिनं सांगितलं होतं, हे रजिस्टरात नाही.

मी बोटंही बुडवली नव्हती, कोपर तर दूरची गोष्ट.

त्या आठवड्यानंतर मी मावशींच्या मागं लागून कोरकू शब्द लिहून घ्यायला लागले. पाण्याला डा. खाण्याला जोम. मराठीशी या भाषेचं काही नातं नाही. संथाली, मुंडारी या झारखंडकडच्या भाषांच्या कुळातली ही भाषा आहे, त्या कुळाची पार पश्चिमेकडची. आमच्या घरापासून ती डोंगरांची रेघ दिसते आणि बारावीपर्यंत मला त्या भाषेचा एक शब्द माहीत नव्हता, याची मला लाज वाटते.

सेवेबद्दल बोलायचं तर गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय आमच्या भागात पुढं जाता येत नाही. त्यांचा जन्म १८७६ चा, आमच्याच अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा. आमच्या घरी बायबलशेजारी त्यांचा फोटो आहे, आजीनं लावलेला. कोणी विचारलं तर ती म्हणते, हा माणूस आधी गाव झाडायचा, मग बोलायचा. संध्याकाळच्या कीर्तनाआधी दिवसभर हातात खराटा. आणि पाया पडायला आलेल्याला ते पाया पडू देत नसत. वाकणारा स्वतः वाकतो, दुसऱ्याला आपल्यापुढं वाकायला लावत नाही, ही खूण मला त्यांच्यात दिसते आणि योहानाच्या तेराव्या अध्यायातही दिसते.

म्हणूनच फळवाटपाच्या फोटोंचा मला त्रास होतो. यात आपला तरुण संघही आला, मी स्वतःही त्या फोटोंत उभी आहे. एक सफरचंद, चार हात त्याला लागलेले, आणि पलंगावरचा माणूस कॅमेऱ्याकडं बघतोय कारण त्याला बघायला सांगितलंय. त्याला आपण आपल्यापुढं वाकायला लावलं. मागच्या नाताळला मी फोटो नको म्हटलं तेव्हा दोघं-तिघं नाराज झाले. यंदा परत म्हणणार आहे, आणि जुना फोटो माझ्या वॉलवरून आजच काढते आहे.

आता पुढं काय, या काकांच्या प्रश्नाकडं येते.

माझ्या वर्गातल्या सात जणी जर्मन शिकताहेत. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून कॉलेजात तीच चर्चा. त्या जातील तर मला आनंदच आहे. त्यातल्या एकीच्या घरावर सावकाराचं कर्ज आहे, तिनं का जाऊ नये? परदेशी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करणारी पोरगी कमी सेवाभावी आणि इथं राहणारी जास्त, असं मानणाऱ्यांतली मी नाही. कर्ज आमच्याही घरावर आहे.

आणि पगार. 'सेवा आहे ना, मग पैशाचं काय घेऊन बसलीस' हे वाक्य नर्सला जितक्या वेळा ऐकावं लागतं तितकं दुसऱ्या कोणाला ऐकावं लागत असेल असं वाटत नाही. बारा-बारा तासांच्या ड्यूटीला सेवा म्हणायचं आणि पगाराच्या दिवशी हात आखडायचा, हे त्या दोन किलोच्या काट्यासारखंच आहे. कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे, हे प्रभूनंच म्हटलंय. पौल प्रेषित तंबू शिवून पोट भरायचा. मी पूर्ण पगार मागणार आहे, आणि तो मागताना माझी नम्रता कुठं सांडणार नाही.

माझं ठरलंय ते असं. परीक्षा झाली की सरकारी आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी पदासाठी अर्ज करणार, आणि पसंतीत मेळघाटातले धारणी-चिखलदरा तालुके लिहिणार. डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागं एक उपकेंद्र असतं. त्या तीन हजार माणसांना पहिली भेटणारी मी असेन. पद कंत्राटी आहे, हे मला माहीत आहे. आयुष्यभर तिथंच राहीन असं वचन मी देत नाही. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे मेळघाटातल्या बैरागडला आयुष्य घालवून बसले, २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याबद्दल वाचलं की मान आपोआप झुकते, पण त्यांची ताकद माझ्यात आहे की नाही ते मला तिथं गेल्यावर कळेल. मी पाच वर्षं म्हणते. पगारातला अर्धा भाग घरच्या कर्जाला, असं आईशी बोलून झालंय.

एक गोष्ट उघड बोलायला हवी. ख्रिस्ती पोरगी मेळघाटात जाते म्हटलं की काहींच्या मनात लगेच येतं, ही धर्म बदलायला चालली. एकानं मला तोंडावर विचारलंही. मला वाईट वाटलं, पण विचारलं ते बरं केलं. मी सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून बसेन. औषधाच्या बदल्यात कोणाचा विश्वास घेणं म्हणजे दुखण्याचा फायदा उठवणं, आणि ज्याच्या नावानं मी प्रार्थना करते त्याच्याशीच ती बेइमानी होईल. त्यानं पाय धुताना कोणाला अट घातली नव्हती. गावातल्या भूमकाकडं, म्हणजे पारंपरिक वैदूकडं, आधी जाऊन आलेल्या आईलाही मी रागावणार नाही. तिचं लेकरू माझ्याकडं वेळेत यावं, एवढंच मला पाहिजे. मी का आले असं कोणी स्वतःहून विचारलं, तर माझ्या आजीची गोष्ट सांगेन.

काका, चहाच्या वेळी मी नुसती मान हलवली. माझं उत्तर हे आहे. रविवारी भेटले की तोंडानंही सांगेन.

आणि एक मदत पाहिजे. धारणी, चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल, कुठलंही कोणी हे वाचत असेल आणि घरी कोरकू बोलत असेल, तर मला काही वाक्यं पाहिजेत. लिहून नको, आवाज रेकॉर्ड करून पाठवा, म्हणजे उच्चार चुकणार नाही. 'कुठं दुखतं?' 'किती दिवसांपासून?' 'दूध पितं का?' 'घरची लेकरं कोणाजवळ आहेत?' चारही लागतील. शेवटचं वाक्य आधी पाठवा.